सांधा पक्का होतो तेव्हा

शाळेच्या प्रयोगशाळेतली ॲक्रिलिकची एखादी पेटी तडकली की आपण कपाटातून इपॉक्सीच्या दोन नळ्या काढतो. एका नळीत रेझिन असते, दुसरीत हार्डनर. दोन्हींचे सारखे भाग जुन्या पोस्टकार्डावर घ्यायचे, काडीने घोटायचे, तडकलेल्या कडांना लावायचे आणि सुतळीने बांधून ठेवायचे. दोन-तीन तासांनी आपण बोट लावून पाहतो. बोटाला काही चिकटत नाही, म्हणून पेटी वर्गात नेतो आणि तास संपायच्या आत सांधा सुटतो. मग 'हल्ली चांगला माल मिळत नाही' असे म्हणून आपण मोकळे होतो.

वास्तविक दोष बहुधा मालाचा नसतो. दुकानातून आपण जे आणतो, तो चिकटवणारा पदार्थ अर्धाच तयार असतो. उरलेला अर्धा सांध्याच्या आत, आपल्या हाताखाली तयार व्हायचा असतो. या तयार होण्याला कारखान्यात 'क्युअरिंग' म्हणतात. आपण त्याला पक्व होणे म्हणू. दुधाला विरजण लावले म्हणजे दही झाले असे होत नाही. भांडे किती उबदार आहे, किती वेळ झाला, मध्येच कोणी हलवले का, यावर दही लागणे न लागणे ठरते. सांध्याचेही तसेच आहे. फरक एवढाच, की दही लागले नाही तर ते लगेच दिसते. सांधा नीट लागला नाही तर ते वरून दिसत नाही. या न दिसणाऱ्या गोष्टीची किंमत माणसाला कळत गेली, त्याचा हा इतिहास आहे.

बेकलंडची शेगडी

सुताराचा जुना सरस तापवला की पातळ होतो, निवला आणि वाळला की घट्ट होतो. पुन्हा तापवून ओला केला तर पुन्हा पातळ होतो. म्हणजे त्याचे रेणू तेच राहतात. फक्त पाणी जाते-येते. विसाव्या शतकात जे नवे चिकट पदार्थ आले त्यांची जात वेगळी होती. ते घट्ट होताना त्यांचे लहान रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले जाऊन तिन्ही दिशांना पसरलेले जाळे बनते. एकदा हे जाळे विणले गेले की तापवूनही पदार्थ पुन्हा पातळ होत नाही.

या जातीचा पहिला मोठा पदार्थ म्हणजे बेकेलाइट. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवले की राळेसारखा पदार्थ बनतो, हे जर्मन रसायनज्ञ बायर यांनी १८७२ मध्येच पाहिले होते. पण हाती येई तो निरुपयोगी चिकट गोळा. अमेरिकेत स्थायिक झालेले मूळ बेल्जियन रसायनज्ञ लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये याच गोळ्याला ताब्यात आणले. त्यांनी नवा पदार्थ शोधला असे म्हणण्यापेक्षा पदार्थ पक्व करण्याची रीत शोधली, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. ही अभिक्रिया होताना पाणी बाहेर पडते आणि उष्णतेने त्याची वाफ होते. वाफेचे बुडबुडे आत अडकले की पदार्थ स्पंजासारखा पोकळ होतो. बेकलंड यांनी तो बंद भांड्यात, दाबाखाली तापवला. आपल्या प्रेशर कुकरसारखेच ते भांडे. दाबामुळे बुडबुडे फुगू शकले नाहीत आणि घट्ट, एकसंध पदार्थ मिळाला. त्यांच्या प्रसिद्ध पेटंटचा गाभा उष्णता आणि दाब हाच होता.

बेकलंड यांनी पक्वतेच्या तीन अवस्था सांगितल्या: अ, ब आणि क. पहिल्या अवस्थेत पदार्थ वितळतो व विरघळतो. दुसरीत तो तापवल्यास मऊ होतो, पण पुरता वितळत नाही. तिसरीत तो ना वितळतो ना विरघळतो. आपल्या पेटीचा सांधा दोन-तीन तासांनी बोटाला कोरडा लागला तेव्हा तो बहुधा मधल्याच अवस्थेत होता.

लाकडी विमान आणि नुसती नजर

सांध्यावर माणसाचा जीव अवलंबून असण्याची वेळ विमानांनी आणली. सुरुवातीची विमाने लाकडी होती आणि त्यांचे भाग जोडायला केसीनचा सरस वापरीत. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. त्यात चुना घालून केलेला हा सरस थंडच लावता येई, पण सतत दमट हवेत तो बुरशीला बळी पडे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या डी हॅविलँड कंपनीने मॉस्किटो हे वेगवान विमान लाकडाचेच केले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी ते प्रथम उडाले. त्याच्या धडाची भिंत म्हणजे बर्चच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड. धड उभे चिरल्यासारखे दोन अर्ध्या भागांत बनवीत व नंतर दोन्ही अर्धे जोडीत. म्हणजे विमानाचे बळ सगळे चिकटवण्यावर. सुरुवातीला केसीन वापरले गेले. पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइड जातीचे 'एरोलाइट' आले. ते केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथे नॉर्मन द ब्रुइन यांच्या एरो रिसर्च या छोट्या कंपनीत तयार झाले होते. त्याची रीत मजेदार होती. एका लाकडाला राळ लावायची, दुसऱ्याला फॉर्मिक आम्लाचा हार्डनर. दोन्ही पृष्ठे एकमेकांना टेकली की अभिक्रिया सुरू. म्हणजे पक्व होण्याचा क्षण कारागिराच्या हाती राहिला. थंडीच्या दिवसांत काम रेंगाळू नये म्हणून सांध्यावर धातूच्या पट्ट्या ठेवून त्या विजेने तापवण्याची युक्तीही तिथे वापरली गेली.

या विमानाच्या इतिहासातले एक प्रकरण आपल्या देशाशी जोडलेले आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्वेकडील आघाडीवर काही मॉस्किटो विमाने कोसळली. पंखाचा वरचा थर मुख्य तुळईपासून सुटत असल्याचा संशय होता. पहिली समजूत अशी, की भारतातली उष्णता व पावसाळा केसीनच्या सरसाला मानवला नाही. कंपनीचे पथक भारतात आले. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने अहवाल दिला, की दोष सरस खराब होण्याचा नसून पावसाळी हवेत सांगाडा आकसल्याचा आहे. दोष कोणत्याही शब्दांत सांगितला तरी रोख हवामानाकडेच होता. पण त्यानंतरच्या तपासण्यांत वेगळेच निघाले. इंग्लंडमध्येच असलेल्या, मॉन्सूनचे वारेही न लागलेल्या विमानांच्या सांध्यांत तसेच दोष सापडले. चिकटवण्याच्या कामाचा दर्जाच कमी पडला होता. विमाने कारखान्यातून बाहेर पडताना सांधे डोळ्यांना ठीक दिसत होते, एवढाच त्यांचा पुरावा होता.

डक्सफर्डची भुकटी

आता प्रश्न धातू जोडण्याचा होता. लाकडाच्या छिद्रांत राळ शिरून धरते. ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत पत्र्याला ती सोय नाही. नुसती फिनॉलची राळ पत्र्याला चिकटे, पण ठिसूळ असल्याने धक्क्याने तडके. द ब्रुइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ च्या सुमारास यावर उपाय काढला. पत्र्यावर फिनॉलची पातळ राळ लावायची आणि ती ओली असतानाच तिच्यावर पॉलिव्हिनाइल फॉर्मल या चिवट प्लास्टिकची भुकटी भुरभुरायची. मग पत्रे एकमेकांवर ठेवून तापत्या दाबयंत्रात सुमारे १४५ अंश सेल्सिअसला अर्धा तास, वातावरणाच्या सातपट दाबाखाली ठेवायचे. 'रिसर्च' आणि 'डक्सफर्ड' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून याचे नाव पडले रिडक्स. १९४४ मध्ये उडालेल्या हॉर्नेट या विमानात त्याने धातू व लाकूड जोडले गेले आणि पुढच्या विमानांत धातूला धातू.

दाब इथेही हवा होता, कारण फिनॉलच्या अभिक्रियेत पाणी सुटते. बेकलंड यांचाच धडा. या रीतीचा मोठा गुण असा, की तापमान, वेळ आणि दाब हे तिन्ही यंत्रावर वाचता येत. कारागिराच्या अंदाजाला जागा फारशी उरत नसे. गैरसोय मात्र मोठी होती. जेवढा मोठा भाग, तेवढे मोठे दाबयंत्र. खर्च आणि वेळ दोन्ही वाढत.

भट्टीवाचून

म्हणून इपॉक्सी आले तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. स्वित्झर्लंडमध्ये पियरे कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी योग्य पदार्थ शोधत असताना या राळेपर्यंत पोचले; त्यांचे पेटंट १९३८ चे. पुढे सिबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ मध्ये 'अराल्डाइट' हे नाव बाजारात आले. इपॉक्सी पक्व होताना पाणी किंवा वायू सुटत नाही, त्यामुळे मोठ्या दाबाची गरज नाही. भाग जागेवर धरून ठेवण्यापुरता दाब पुरे. ते आकसतेही थोडे. अमाइन जातीचा हार्डनर वापरला तर खोलीच्या तापमानालाच काम होते.

पण 'खोलीच्या तापमानाला होते' याचा अर्थ 'तापमानाशी संबंध नाही' असा नव्हे. अभिक्रिया जसजशी पुढे जाते तसे जाळे दाट होते आणि रेणूंना हालचाल करणे अवघड होते. शेवटी पदार्थ काचेसारखा ताठ होतो. मग ज्या टोकांना अजून जोडीदार मिळालेला नाही ती जागच्या जागी अडकून पडतात आणि अभिक्रिया जवळजवळ थांबते. ती पूर्ण झालेली नसते. तिला हलायला जागा उरलेली नसते. पंचवीस अंशांना ठेवलेला सांधा आठवडाभराने पाहिला तरी काही टोके मोकळीच असू शकतात. तोच सांधा नंतर साठ-सत्तर अंशांना काही तास ठेवला तर रेणू पुन्हा थोडे हलतात आणि उरलेले बंध जुळतात. याला उत्तर-पक्वन म्हणता येईल.

याचा व्यावहारिक परिणाम असा, की थंड जागी पक्व झालेला सांधा मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली मऊ पडू शकतो. कारण तो ज्या तापमानाला मऊ होऊ लागतो ते तापमान, तो ज्या तापमानाला पक्व झाला त्याच्या फार वर नसते. दमट हवेचाही त्रास आहे. सांधा मिटवण्याआधी राळ उघडी राहिली, तर काही अमाइन हार्डनर हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि वर मेणचट पापुद्रा बनतो. त्यावर दुसरा भाग दाबला की तो पापुद्र्याला चिकटतो, राळेला नव्हे. रेझिन व हार्डनरचे प्रमाण चुकले तर जादा झालेल्या घटकाला जोडीदारच मिळत नाही. 'हार्डनर जास्त घातला की लवकर पक्के होते' ही समजूत चुकीची आहे.

हवाई बेटांवरचे विमान

भट्टीवाचूनच्या या सोयीची परीक्षा २८ एप्रिल १९८८ रोजी झाली. अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूला निघाले होते. २४,००० फूट उंचीवर त्याच्या पुढच्या भागाचे सुमारे १८ फूट लांबीचे छप्पर एकाएकी उडून गेले. विमानात ९५ माणसे होती. उभी राहून काम करणारी एक परिचारिका बाहेर फेकली गेली. ती सापडली नाही. वैमानिकांनी ते उघडे विमान माउई बेटावर उतरवले आणि बाकी सर्व वाचले.

या विमानाच्या धडाचे पत्रे एक मिलिमीटरहूनही पातळ. दोन पत्र्यांच्या कडा एकमेकांवर चढवून मध्ये इपॉक्सी मुरवलेले जाळीदार कापड ठेवीत आणि शिवाय रिव्हेटच्या तीन रांगा मारीत. भार पत्र्यातून पत्र्यात मुख्यतः इपॉक्सीने न्यावा, अशी रचना होती. हे इपॉक्सी खोलीच्या तापमानाला पक्व होणारे. म्हणजे वापरण्याआधीच पक्व होऊ नये म्हणून ते अतिशय थंड ठेवावे लागे. आता पेच पाहा. थंड कापड बाहेर काढून लगेच वापरले तर त्यावर हवेतील बाष्प जमते, जसे फ्रिजमधल्या बाटलीवर जमते. फार वेळ बाहेर ठेवले तर पत्रे जुळवण्याआधीच ते पक्व होऊ लागते. दोन्हींच्या मधला थोडा अवधी नेमका साधला तरच बंध चांगला. प्रत्यक्षात काही बंध चांगले झाले, काही ओलाव्यापुढे टिकणार नाहीत असे झाले आणि काही ठिकाणी पत्रे चिकटलेच नाहीत. १९७२ मध्ये ही पद्धत बंद करण्यात आली. पण हे विमान १९६९ चे होते.

बंध सुटला तशी खारी हवा फटीत शिरून गंज सुरू झाला आणि भार रिव्हेटवर आला. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. प्रत्येक उड्डाणात धड फुगते व उतरताना आकसते. त्या ताणाने रिव्हेटच्या भोकांशी बारीक भेगा पडत गेल्या आणि एका ओळीतल्या भेगा एकमेकींना मिळाल्या. चौकशी मंडळाने मुख्य ठपका देखभालीवर ठेवला: सुटलेले बंध व भेगा वेळेत ओळखल्या गेल्या नाहीत. विमानात चढताना एका प्रवाशाच्या नजरेला दाराजवळची भेग पडलीही होती. ती बोलली नाही. पण भेग दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी, कारखान्यातल्या त्या थोड्या मिनिटांत, गोष्ट बिघडली होती.

घाईचा आणखी एक दाखला अमेरिकेतल्याच बॉस्टन शहराचा. १० जुलै २००६ रोजी तिथल्या बोगद्याच्या छताची सुमारे २६ टन वजनाची काँक्रीटची फळी व लोखंडी सामान एका मोटारीवर कोसळले आणि एक स्त्री मृत्युमुखी पडली. छत टांगणारे बोल्ट काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवले होते. चौकशीत दिसले, की वापरलेला प्रकार झटपट घट्ट होणारा होता. तो थोड्या वेळाचा भार चांगला पेलतो, पण कायम लटकत्या भाराखाली हळूहळू ताणत जातो. लवकर घट्ट होणे आणि दीर्घकाळ धरून ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्लास्टिकच्या सांध्याचा पेच

एवढे वाचल्यावर वाटेल, की सांधा भरपूर तापवावा म्हणजे झाले. धातूच्या बाबतीत बऱ्याच अंशी ते खरे आहे. प्लास्टिकच्या बाबतीत नाही. ॲक्रिलिक सुमारे १०५ अंशांना आणि पीव्हीसी सुमारे ८० अंशांना मऊ पडते. रिडक्सच्या भट्टीत त्यांचा आकारच राहणार नाही. दुसरे असे, की तापल्यावर ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावते. ॲक्रिलिकची पट्टी ॲल्युमिनियमला गरम करून चिकटवली, तर निवताना ॲक्रिलिक जास्त आकसू पाहते आणि सांध्यात ताण कोंडला जातो. बाहेरून भार देण्याआधीच सांधा थकलेला असतो.

तिसरी गोष्ट सांध्याच्या आकाराची. एकमेकांवर चढवलेल्या पट्ट्या ओढल्या तर भार सगळ्या क्षेत्रावर सारखा वाटला जात नाही. तो दोन्ही कडांशी एकवटतो. जर्मनीत फोल्करसन यांनी १९३८ मध्ये आणि अमेरिकेत गोलंड व राइसनर यांनी १९४४ मध्ये याचे गणित मांडले. म्हणून जोडाची लांबी दुप्पट केली तरी बळ दुप्पट होत नाही. आणि पक्व होऊन अगदी ताठ व ठिसूळ झालेली राळ कडांशी लवकर तडकते, तर थोडी लवचीक राळ भार वाटून घेते. म्हणजे जास्तीत जास्त कडक सांधा हाच जास्तीत जास्त बळकट सांधा असे नाही. प्लास्टिकसाठी साधा नियम असा: प्लास्टिकला सोसेल एवढीच ऊब, आणि तिच्या बदल्यात भरपूर वेळ. पॉलिथीनच्या बादलीला मात्र हेही लागू नाही. तिच्या पृष्ठभागावर राळ पसरतच नाही, मग ती कितीही पक्व झाली तरी धरणार कशाला?

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी-नववीच्या मुलांना हा विषय हाताने कळू शकतो. ॲक्रिलिकच्या सारख्या रुंदीच्या बारा पट्ट्या घ्या. टोके पॉलिश पेपरने घासून पुसा. एकाच वेळी घोटलेल्या इपॉक्सीने दोन-दोन पट्ट्या नेमक्या एक सेंटिमीटर एकमेकींवर चढवून सहा जोड करा आणि चिमटे लावा. दोन जोड फ्रिजमध्ये, दोन खोलीत आणि दोन ५० अंशांच्या आसपासच्या उबदार पेटीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सगळे खोलीच्या तापमानाला आणून एकेक जोड आडव्या दांडीला टांगा, खाली बादली अडकवा आणि मापाने पाणी ओतत जा. जोड कधी सुटला ते वजन लिहा. बादलीखाली गोणपाट ठेवा, पाय दूर ठेवा; राळ हाताला लागू देऊ नका, खिडक्या उघड्या ठेवा. सुटलेली पृष्ठे भिंगातून पाहायला विसरू नका. राळ एका बाजूने सोलून निघाली, की राळच मधून फाटली, की ॲक्रिलिक तुटले, यात वजनाइतकीच माहिती असते.

या प्रयोगात एक अडचण मुलांच्याच लक्षात येईल: बळ मोजायचे तर जोड तोडावा लागतो. विमानाच्या कारखान्यांपुढेही आजवर हीच अडचण आहे. ध्वनिलहरींनी सांध्यातली पोकळी शोधता येते, पण पोकळी नसलेला सांधा किती बळकट आहे हे तो न तोडता खात्रीने सांगता येत नाही. म्हणून तिथे खऱ्या भागाबरोबर त्याच राळेचा, त्याच भट्टीत, त्याच वेळी पक्व केलेला एक छोटा तुकडा ठेवतात आणि तो तोडून पाहतात. शिवाय तापमान, वेळ व हवेतील बाष्प यांची नोंद जपून ठेवतात. आपल्या प्रयोगातही पेटी चिकटवताना एक जोड जास्तीचा करून ठेवावा, आणि तो तोडून पाहिल्यावरच पेटी वर्गात न्यावी.